सहदेवकाकांचा दुसरा बार

मुलांनो, जरा डोळे मिटा. वाचून दाखवणाऱ्याने मिटू नयेत, नाहीतर गोष्ट इथेच संपेल. ऐकणाऱ्यांनी मिटा.

आता कल्पना करा. जानेवारीतली सकाळ आहे. बोरीवलीच्या पूर्वेला, जिथे इमारती संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथल्या मैदानात तुम्ही उभे आहात. तुमच्या अंगठ्यापुढे फक्कीची पांढरी रेघ आहे आणि पलीकडे दूर एक फीत धरलेली आहे. बाजूला एक गृहस्थ हात उंच करून उभे आहेत. त्यांच्या हातात काळं पिस्तूल आहे. घाबरू नका. त्यात गोळी नसते, नुसती दारू असते, आणि ते फक्त आवाज करतं. पहिला बार झाला की पळायचं. पण एखादी लबाड बाराच्या आधीच सुटली, तर गृहस्थ लगेच दुसरा बार काढतात. दुसरा बार म्हणजे, ‘सगळ्यांनी परत या, शर्यत पुन्हा.’

झालं असं की शेजारची मुलगी आधीच सुटली. बार झाला. तुम्ही नियम पाळणारे, त्यामुळे तुम्ही रेघेवरच थांबलात. आता दुसरा बार होईल. आता होईल. होईलच. आणि तो होतच नाही! शेजारीण तिकडे फीत तोडते, लोक टाळ्या वाजवतात, आणि तुम्ही रेघेवर दत्त म्हणून उभे.

उघडा डोळे. ही गत कुंदाची झाली होती, एकोणीसशे अडुसष्ट साली. तिचं वय तेव्हा दहा. आणि पिस्तूल घेऊन उभे असलेले गृहस्थ म्हणजे तिच्या शेजारचे सहदेवकाका परब.

काकांनी दुसरा बार काढायचा प्रयत्न केला नाही असं मात्र समजू नका. त्यांनी चाप ओढला, पुन्हा ओढला, पिस्तूल हलवलं, त्यात फुंकर मारली, शेवटी तोंडाने ‘ठो!’ असंसुद्धा ओरडले. पण तोंडच्या ‘ठो’ला कोण थांबतं?

वर्ष सरलं. पुढच्या स्पर्धा तोंडावर आल्या, तेव्हा क्रीडा मंडळाचे चिटणीस नंदकुमार सामंत संध्याकाळी काकांच्या घरी आले. चहा झाला, बिस्किटं झाली, मग त्यांनी विषय काढला.

“सहदेव, यंदा थाळी वाजवू या.”

“कसली थाळी?”

“आमच्या घरची. मोठी आहे. आमची विमला लाटण्याने बडवेल. एकदा बडवली की पळा, दोनदा बडवली की परत या. थाळी अडकत नाही रे!”

सहदेवकाका विमा कंपनीत आवक-जावक कारकून होते. ऑफिसात त्यांना कुणी उभं राहून नमस्कार करत नसे. घरात त्यांच्या आई सोनूबाई अजून त्यांना ‘झिलग्या’, म्हणजे मालवणीत ‘पोरा’, म्हणत. सगळ्या वर्षात एकच सकाळ अशी यायची की ते हात वर करत आणि अख्खं मैदान श्वास रोखून धरायचं. पिस्तुलाचा परवानाही त्यांच्याच नावावर होता, कारण मंडळात वाचता येईल अशी सही फक्त त्यांचीच होती. आणि आता त्या जागी लाटणं?

“थाळी बारशाला वाजवतात,” काका म्हणाले. “मी पिस्तूल दुरुस्त करतो.”

“कर बाबा. सव्वीस तारखेला अडकलं, तर मी थाळी घेऊन तयार आहे.”

सामंत गेले आणि दारातून कुंदा आत डोकावली. तिने सगळं ऐकलं होतं. त्या इमारतीत भिंती होत्या, पण त्यांचा काही उपयोग नव्हता.

“काका, यंदा दुसरा बार होणार ना?”

“होणार म्हणजे होणारच.”

“मग मी रेघेवर थांबू ना? नलिनी म्हणते, जो थांबतो तो येडा.”

नलिनी म्हणजे गेल्या वर्षी आधीच सुटलेली. काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “तू थांब. मी आहे.” सांगून टाकलं खरं, आणि मग रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

आता पिस्तुलाचं काय बिघडलं होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. काडतूस म्हणजे पितळेची एक छोटी पुंगळी, आणि तिच्यात दारू. बार झाला की दारू जळते आणि पुंगळी रिकामी राहते. त्या बाराच्याच धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो आणि रिकामी पुंगळी बाहेर उडवतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि जाता जाता नवं काडतूस आत बसतं. हे सगळं टिचकी वाजेपर्यंत होतं. काकांच्या पिस्तुलात मात्र रिकामी पुंगळी अर्धी बाहेर येऊन अडकायची. बिऱ्हाड बदलताना जिन्यात कपाट अडकतं ना, तशी. धड आत नाही, धड बाहेर नाही, आणि मागच्यांची वाट बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरच्या मजल्यावरचे धोंडू राणे सल्ला द्यायला उतरले. राण्यांना पिस्तुलातलं काही कळत नव्हतं. पण त्यांना सायकलीतलं कळत होतं, आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या वस्तू ही सायकलीचीच रूपं होती.

“तेल घाल, तेल! कोरडं पडलंय.”

“कुठलं तेल घालू?”

“घरात असेल ते.”

घरात खोबरेल होतं. काकांनी पिस्तुलाला मालिश केली म्हणा ना! वरचा भाग असा सुळसुळीत सरकू लागला की काका रात्री हसत झोपले. पण मुंबईत जानेवारीत एक गोष्ट होते, जी बोरीवलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि एकाही पुरुषाला नाही: खोबरेल गोठतं. सकाळी पिस्तूल उघडेना, सरकेना, हलेना. आत पांढरं शुभ्र लोणी.

“अहो, त्यात काय एवढं,” काकू म्हणाल्या. त्यांचं नाव जानकी. “बाटली कशी उन्हात ठेवतो, तसं ठेवा.”

काकांनी पिस्तूल गॅलरीत उन्हात ठेवलं. तिथे काकूंनी आधीच साडीवर पोह्याचे पापड वाळत घातले होते, त्यांच्याच एका कोपऱ्यात. कावळ्यांनी घाबरून पापड सोडले, हा एक फायदा झाला. तोटा असा की खालून जाणाऱ्या एका सज्जनाने वर पाहिलं.

तासाभरात हवालदार दारात.

“परवाना?”

काकांनी दाखवला. हवालदारांनी तो उलटा, सुलटा, मग उजेडात धरून पाहिला.

“परवाना ठीक आहे. पण वाळत का घातलंय?”

“गोठलं होतं.”

“पिस्तूल?”

“खोबरेल.”

हवालदारांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि जानकीकाकूंकडे पाहिलं. घरातलं शहाणं माणूस कोणतं, ते त्यांना शोधायचं असावं. पुढे चहा झाला, आणि जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की यापुढे पापड आणि हत्यार वेगवेगळं वाळवावं.

मग काकांनी पिस्तूल खोलून, रॉकेलमध्ये बुडवून, जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंधीने पुसलं. चिंधी लाल झाली, मग पिवळी झाली. आणि एका खाचेतून टुणकन काहीतरी बाहेर पडलं. काकांनी ते चिमटीत धरलं. तांदळाचा दाणा! हळद-कुंकू लावलेला!

“जानकी!”

“ओरडता कशाला? दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात. आपल्या घरात शस्त्रं दोनच, विळी आणि हे. मग अक्षता काय विळीवरच टाकू?”

“दर वर्षी टाकतेस?”

“सोडून कसं चालेल!”

काकांना रागापेक्षा आनंदच जास्त झाला. चोर सापडला होता! त्यांनी कुंदाला हाक मारली, पेटीतली काडतुसं घेतली आणि दोघं मैदानापलीकडच्या मोकळ्या जागेत गेले. काकांनी हात वर केला, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

फुस्स.

सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज. पुंगळी तिथेच, अर्धी आत, अर्धी बाहेर.

“काका,” कुंदा म्हणाली, “हा बार रेघेवर ऐकू नाही यायचा.”

पडलेल्या चेहऱ्याने काका घरी आले आणि उरलेली काडतुसं उजेडात निरखून पाहू लागले. दिसायला एकेक सोन्यासारखं! एवढं चकचकीत काडतूस फुसकं निघावं कसं? तेवढ्यात सोनूबाई जपमाळ बाजूला ठेवून कौतुकाने म्हणाल्या, “कशी झळकतत बघ! चिंचेन घासलंय मी.”

काकांनी झटकन वर पाहिलं.

“काय केलंस, आये?”

“दसऱ्याक समई घासलंय, निरांजन घासलंय, तेंच्याबरोबर हींय घासलंय. पितळ तां पितळच मां? काळी पडली होती. रातभर पाण्यात भिजत घातलंय आणि सकाळी चिंच लावलंय.”

“रात्रभर? पाण्यात?”

“मगे कोरडी घासू?”

काकांनी काडतुसं पेटीत भरून टाकली. आईने इतक्या मायेने केलेल्या कामावर ओरडायचं कसं, हे विमा कंपनीत शिकवत नाहीत.

म्हणजे नवी काडतुसं आणणं आलं. त्यासाठी पोलीस कचेरीतून चिठ्ठी लागायची. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, “काडतुसं कशाला हवीत?”

“बार काढायला.”

“कुणावर?”

“कुणावर नाही. हवेत.”

“हवेत कुणावर?”

“साहेब, हवेत कुणी नसतं.”

“मग बार कशाला काढता?”

काकांनी शर्यत समजावून सांगितली. पहिला बार, दुसरा बार, आधी सुटणं, परत येणं. साहेब ऐकता ऐकता रंगून गेले, कारण त्यांची धाकटीही शाळेत पळायची. पण शिक्का मारणारे गृहस्थ त्या दिवशी सत्यनारायणाला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते आले, तर शिक्क्याची शाई वाळलेली. शाई आली तेव्हा जेवणाची सुट्टी. काकांनी इतक्या रजा टाकल्या की ऑफिसात त्यांच्या घरी कुणाचं तरी लग्न असावं अशी बोलवा उठली.

अखेर चिठ्ठी घेऊन ते फोर्टातल्या दुकानात पोचले. दुकानदार म्हातारे पारशी. त्यांनी पिस्तूल कानाशी नेऊन वरचा भाग मागेपुढे केला. घड्याळजी घड्याळ ऐकतो, तसं.

“डिकरा, ह्याचा स्प्रिंग कडक हाय. आधी कुठला काडतूस घालत होता?”

“स्वस्तातलं. आवाज कमी असलेलं. सोसायटीत लहान मुलं आहेत म्हणून...”

“मऊ काडतूस! अरे बावा, मऊ काडतूस ह्याला धक्काच देनार नाय, तर पुंगळी बाहेर जानार कशी? जोराचा घे. आन् देवाच्या वास्ते, धुऊ नको.”

ही शेवटची सूचना त्यांनी कशी दिली, हे काकांना आयुष्यभर कळलं नाही. चिंचेची गोष्ट त्यांनी सांगितलीच नव्हती. पण चेहऱ्यावर दिसत असावी.

जोराच्या काडतुसाचा पहिला बार झाला तेव्हा झाडावरचे पोपट उडाले, धोंडू राण्यांच्या हातातला चहा सांडला, आणि जवळच्या तबेल्यातली एक म्हैस दावं तोडून थेट मैदानात आली. तिच्यामागे तबेलेवाले भय्याजी.

“बाबूजी, भैंस दूध चढ़ा गई! अब शाम को पूरे मोहल्ले को क्या पिलाऊँ?”

दूध चढवलं म्हणजे म्हैस पान्हा सोडेना. संध्याकाळी अख्ख्या इमारतीचा चहा बिनदुधाचा झाला, आणि प्रत्येक घराने पहिला घोट घेताना सहदेवकाकांचं नाव घेतलं. शेवटी सोनूबाई तबेल्यात गेल्या. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी मालवणीत तिची समजूत काढली की, ‘माझो झील वायट नाय गो, येडो आसा.’ म्हशीला ते पटलं.

आणि पुंगळी? आवाज दणदणीत, काडतूस जोराचं, पिस्तूल साफ. तरी कधी पुंगळी उडायची, कधी अडकायची. आता तर मोठंच कोडं! राणे म्हणाले, शनी. सामंत म्हणाले, थाळी. जानकीकाकू म्हणाल्या, “नारळ ओवाळून टाकते.” काका म्हणाले, “पिस्तुलात खवलेलं खोबरं सापडायचं तेवढं बाकी आहे.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी काका पुन्हा त्या मोकळ्या जागेत गेले, या खेपेला म्हशीला विचारून, दूध काढून झाल्यावर. कुंदा दगडावर बसली होती. तिचं काम पुंगळी उडाली की ‘आली!’ ओरडायचं आणि अडकली की गप्प बसायचं. ती बराच वेळ गप्प होती.

“काका, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“बोल.”

“तुम्ही पिस्तूल धरतच नाही.”

“मग हे काय धरलंय?”

“तुम्ही देवाला फूल वाहता.” कुंदा उठली आणि तिने नक्कल करून दाखवली: डोळे मिटलेले, मान तिरकी, तीन बोटांच्या चिमटीत काहीतरी पवित्र, आणि मनगट असं सैल की वारा आला तरी मागे पडावं. “बार होतो ना, तेव्हा पिस्तूलच मागे जातं आणि तुमचा हातही त्याच्याबरोबर मागे जातो. मग वरचा भाग कशावरून सरकणार? तो तुमच्या हाताबरोबर फिरायलाच जातो.”

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. दर दसऱ्याला काकूंनी पूजा करून ते पिस्तूल त्यांच्या ओंजळीत ठेवायचं आणि त्यांनी कपाळाला लावायचं, हा रिवाज. देव कुणी मुठीत आवळतं का? त्यामुळे वर्षानुवर्षं ते पिस्तूल असं धरत होते, जणू त्याला लागेल.

“मग धरू कसं?”

कुंदाने विचार केला. “तुम्ही ऑफिसला जाताना स्टेशनच्या पुलावर वारा सुटतो ना? तेव्हा छत्री कशी धरता?”

आता छत्री धरण्यात सहदेवकाकांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जोगेश्वरीपर्यंत लोकांच्या छत्र्या उलट्या झाल्या तरी काकांची कधी झाली नव्हती. त्यांनी पिस्तूल मुठीत आवळलं, मनगट ताठ केलं, कोपर कडक केलं, आणि समोरून पश्चिमेचा वारा येतोय अशी कल्पना केली.

ठो! पुंगळी उन्हात चमकत उडाली.

“आली!” कुंदा ओरडली.

ठो! “आली!” ठो! “आली, काका, आली!”

काकांनी मग हट्टाने एकदा सैल हाताने बार काढून पाहिला, आणि पुंगळी पुन्हा जिन्यातल्या कपाटासारखी अडकली. तेव्हा त्यांची खात्री पटली. मुलांनो, चूक सापडली असं वाटलं की ती मुद्दाम एकदा पुन्हा करून बघावी. मगच ती खरी सापडली म्हणायची.

सव्वीस जानेवारी उजाडला. झेंडा झाला, भाषण झालं, भाषणाचं भाषण झालं. सामंत थाळी आणि लाटणं घेऊन अगदी काकांच्या बाजूला उभे राहिले. मुली रेघेवर आल्या. टोकाला नलिनी, तिच्या शेजारी कुंदा.

“ऑन युवर मार्क! गेट सेट!”

नलिनी सुटली. आणि मग बार झाला.

काकांनी वाऱ्यातली छत्री आठवली आणि दुसऱ्यांदा चाप ओढला. ठो! खणखणीत, स्वच्छ, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा दुसरा बार! काकांना वाटलं, आता मुली थबकतील, लोक वाहवा म्हणतील.

कुणी थांबलं नाही. कसं थांबणार? त्या मैदानात दुसरा बार कधी कुणी ऐकलाच नव्हता. लोकांना वाटलं, काकांनी खुशीत आणखी एक उडवला. मुली पळत सुटल्या, नलिनीने फीत तोडली, बँडवाल्यांनी बँड वाजवला. रेघेवर उभी होती एकटी कुंदा, आणि ती काकांकडे बघून हसत होती.

“शर्यत रद्द!” काका गरजले. “पुन्हा!”

“अरे, फीत तुटली,” सामंत कुजबुजले. “तिच्या आईने पेढे काढले.”

“पेढे डब्यात ठेवायला सांगा. दुसरा बार झालाय.”

जन्मात पहिल्यांदा कुणी सहदेव परबांच्या आवाजाला घाबरलं. सामंतांनी थाळी खाली ठेवली. फीत गाठ मारून पुन्हा धरली. नलिनी पाय आपटत परत आली आणि रेघेच्या चांगली वीतभर मागे उभी राहिली.

“ऑन युवर मार्क! गेट सेट!”

ठो!

कुणीही आधी सुटलं नव्हतं. सुरेख, निर्दोष सुरुवात. सगळ्या मुली बाणासारख्या गेल्या. कुंदा सोडून. कालच्या सवयीने तिची मान वर गेली होती. पुंगळी हवेत गिरकी घेत होती आणि कुंदा दोन्ही हात उंचावून ओरडत होती, “आली, काका! बाहेर आली!”

काकांनी पिस्तुलाकडे पाहिलं. आत अजून एक काडतूस होतं. नुसता चाप ओढायचा, दुसरा बार करायचा, सगळ्या मुली परत आल्या असत्या. आता तर त्या थांबायलाही शिकल्या होत्या. बोट चापावर गेलंसुद्धा. पण सुरुवात स्वच्छ होती, आणि ते काकांनी स्वतः नीट पाहिलं होतं. काकांनी पिस्तूल खाली केलं.

“कुंदे, पळ!”

कुंदाने समोर पाहिलं, “अगो बाई!” म्हटलं आणि ती सुटली. अशी पळाली, अशी पळाली की राण्यांनी सायकलीची उपमासुद्धा दिली नाही. शेवटची मागे पडली, मधल्या मागे पडल्या, आणि फितीपाशी नलिनी वितभराने पुढे निघाली. कुंदा दुसरी.

काकांनी तिला बक्षीस घ्यायला खुणावलं. पण कुंदा बक्षिसाच्या टेबलाकडे गेलीच नाही. ती धापा टाकत रेघेपाशी परत आली, गवतातून ती पुंगळी शोधून काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली.

“मनगट जरा सैल सुटलं होतं हं, काका. आता मुलांची शर्यत आहे,” ती म्हणाली, आणि तिने नलिनीला हाताला धरून शेजारी बसवलं. दोघींनी पुढच्या पुंगळीसाठी मान वर केली.